'गुमनाम'कडे पुन्हा पाहताना : हसवणारे, फसवणारे आणि आपले धुमाळ

रावपुऱ्याच्या टॉवरखाली उभं राहून कोणाही जाणत्या माणसाला विचारा, बडोद्याचे कलावंत कोण? फैयाज खाँसाहेब, राजा रविवर्मा, दादासाहेब फाळके ही नावं लगेच येतील. यातले रविवर्मा मुळात केरळचे, खाँसाहेब उत्तरेकडचे आणि फाळके त्र्यंबकेश्वरचे. बडोद्याने त्यांना आसरा दिला, काम दिलं किंवा शिकवलं, म्हणून ते आपले. हे योग्यच आहे. पण ज्याचा जन्मच इथला, ज्याने पुढे हिंदी सिनेमात वर्षानुवर्षं लोकांना पोट धरून हसवलं, त्या अनंत बळवंत धुमाळांचं नाव या यादीत सहसा कोणी घेत नाही. जन्म २९ मार्च १९१४, बडोदे. वडील वकील. पडद्यावर नाव नुसतं 'धुमाळ'.

या टिपणाचा विषय धुमाळांचं चरित्र नाही. ते ज्या एका सिनेमात होते, त्या सिनेमाचा पुन्हा एकदा नीट हिशेब मांडायचा आहे. सिनेमा म्हणजे १९६५ चा 'गुमनाम'. रहस्यपट आणि विनोदपट दोन्ही एकाच वेळी. त्याच्यावर दोन शिक्के कायमचे बसलेत. एक, ही अगाथा ख्रिस्तीची नक्कल आहे. दुसरा, मेहमूदच्या विनोदामुळे रहस्याचा विचका झाला. पहिला शिक्का अर्धा खरा आहे. दुसरा, माझ्या मते, साफ चूक आहे. आणि तो चूक का, हे नटांच्या कामाकडे लक्ष दिल्याशिवाय कळत नाही. (ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांना आधीच सांगतो : पुढे खुनी कोण ते येणार आहे. साठ वर्षांनंतर एवढी मोकळीक घेतो.)

गोष्ट थोडक्यात

सेठ सोहनलालचा खून होतो. तो घडवून आणणाराही लगेच मारला जातो. मग सात जणांना बक्षीस म्हणून विमानाची सहल मिळते : आशा (नंदा), बॅरिस्टर राकेश (प्राण), मिस किटी (हेलन), धरमदास (धुमाळ), डॉ. आचार्य (मदन पुरी), किशन (मनमोहन) आणि मधुसूदन शर्मा (तरुण बोस). विमानात बिघाड झाला असं सांगून त्यांना एका निर्जन ठिकाणी उतरवतात, आणि विमान त्यांना तिथेच टाकून उडून जातं. सोबत राहतो फक्त विमानातला कर्मचारी आनंद (मनोज कुमार). चालत चालत हे आठ जण एका ओसाड हवेलीत पोचतात. तिथे एक बटलर (मेहमूद) जणू त्यांचीच वाट बघत असतो. जेवण तयार, नावं माहीत. आणि मग एकेक जण मरायला लागतो.

नक्कल म्हणजे नेमकी किती?

ख्रिस्तीची मूळ कादंबरी १९३९ ची. दहा माणसं, एक बेट, एकेक खून. तिच्यावर रने क्लेअरने १९४५ मध्ये सिनेमा केला. १९६५ मध्येच, म्हणजे 'गुमनाम'च्याच वर्षी, इंग्रजीत आणखी एक आला आणि त्यात बेटाऐवजी बर्फाळ डोंगर घेतला होता. तेव्हा सांगाडा सगळ्यांनीच उचललेला होता. 'गुमनाम'ने तर शीर्षकगीताची चाल करतानाही हेन्री मॅन्सिनीच्या 'शरेड' (१९६३) या सिनेमातल्या सुरावटीकडे उघड पाहिलेलं आहे. शंकर-जयकिशन आणि लता मंगेशकर यांनी तिचं जे केलं ते मात्र संपूर्ण आपलं आहे. तिकडे ती कॅफेतली हुरहूर आहे, इकडे स्मशानातली हाक.

इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर सांगाडा तोच, पण भार वेगळ्या ठिकाणी दिलाय. ख्रिस्तीच्या दहा जणांचे दहा वेगवेगळे गुन्हे आहेत, आणि ते सगळे कायद्याच्या हातातून निसटलेले. मारणारा स्वतःला न्यायाधीश समजतो. तिथे प्रश्न विवेकाचा आहे. 'गुमनाम'मध्ये गुन्हा एकच, त्याच्याशी या ना त्या धाग्याने जोडलेली माणसं अनेक, आणि मारणारा जुन्या टोळीतला भागीदार. तिथे प्रश्न हिशेब चुकता करण्याचा आहे. भारतात १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं. सोन्याचा चोरटा व्यापार हा तेव्हा रोजच्या वर्तमानपत्रातला विषय होता. टोळी, तस्करी, फितलेले भागीदार हे १९६५ च्या प्रेक्षकाला इंग्लंडमधल्या निवृत्त न्यायाधीशापेक्षा जास्त जवळचं होतं. ही नुसती नक्कल म्हणता येत नाही. हे स्थलांतर आहे, आणि विचार करून केलेलं आहे.

ते करणारी माणसंही नवखी नव्हती. निर्माते एन. एन. सिप्पी, पटकथाकार ध्रुव चटर्जी आणि नायक मनोज कुमार हे तिघं आदल्याच वर्षी 'वह कौन थी?' करून आले होते. चटर्जींनी त्याआधी 'बीस साल बाद'ही (१९६२) लिहिला होता. पण ते दोन्ही सिनेमे कृष्णधवल होते. भीतीला काळोख लागतो, आणि कृष्णधवल सिनेमात काळोख आयताच मिळतो. 'गुमनाम' रंगीत. निळा समुद्र, हिरवी झाडी, हेलनचे भडक कपडे. नुसत्या सावल्यांवर इथे भागणार नव्हतं. दुसरं काहीतरी लागणार होतं, आणि ते काम विनोदाकडे आलं.

विनोद इथे काय काम करतो

'विनोदाने रहस्य बिघडलं' असं म्हणणारे लोक विनोदाला मध्यंतरातल्या वेफर्ससारखं समजतात. मुख्य जेवण वेगळं, हे मधलं चघळायला. 'गुमनाम'मध्ये तसं नाही. बटलरचा पहिला प्रवेश आठवा. हवेलीत पांढऱ्या चादरीखाली एक प्रेत. सगळे टरकलेले. आणि ते प्रेत उठून बसतं. तो बटलर! आपण दचकतो आणि त्याच क्षणी हसतो. सिनेमाने इथे एकाच प्रसंगात दोन गोष्टी पेरल्या. पहिली, या माणसाला घाबरायचं कारण नाही. दुसरी, या घरात मेलेला वाटणारा माणूस मेलेला असेलच असं नाही.

आता शेवट आठवा. खुनी कोण निघतो? मधुसूदन शर्मा. ज्याचं प्रेत आपण पाहिलेलं असतं आणि ज्याचं नाव संशयितांच्या यादीतून आपण कधीच खोडलेलं असतं. म्हणजे सगळ्या कोड्याचं उत्तर पहिल्याच हशात दिलेलं आहे! हसल्यामुळे आपलं तिकडे लक्ष जात नाही, एवढंच. जादूगार एका हाताने रुमाल हलवतो आणि दुसऱ्या हाताने पत्ता लपवतो, तसंच हे. हा योगायोग की योजना, यावर वाद घालता येईल. पण परिणाम नाकारता येणार नाही.

दुसरं काम असं. सतत भीती टिकत नाही. कान सरावतात. यंत्राच्या एकसुरी आवाजाशेजारी झोपलेला माणूस तो आवाज बंद झाला की जागा होतो, हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. विनोद हा तसा आवाज बंद करणारा खटका आहे. हसून सैल झालेल्या प्रेक्षकावर पुढचा खून जास्त जोरात आदळतो.

पात्रयोजना हीच फसवणूक

१९६५ च्या प्रेक्षकाच्या डोळ्यांनी त्या सात जणांकडे बघा. प्राण म्हणजे हुकमी खलनायक. मदन पुरी तसेच. हे दोघं आत आले की थिएटरमधली शेवटची रांगही म्हणणार, 'हाच तो!' आणि दिग्दर्शक त्या ख्यातीचा पुरेपूर वापर करून घेतो. प्राणचा राकेश आशाच्या मागे लागतो, हसतो तेही दात दाखवून. त्याला वेगळा अभिनय करावाच लागत नाही, त्याच्या आधीच्या सिनेमांनी तो करून ठेवलेला असतो.

आणि खरा खुनी कोणाकडे दिला? तरुण बोसांकडे. कोलकात्यात जन्मलेले, नागपुरात वाढलेले, तिथल्या आकाशवाणीवर आवाज घडलेले तरुण बोस. बिमल रॉयच्या 'सुजाता', 'बंदिनी'मधले सभ्य, सोशिक गृहस्थ. या चेहऱ्यावर संशय घेणं म्हणजे शेजारच्या मास्तरांवर संशय घेणं. बोस शेवटी उघडे पडतात तेव्हाही ते ओरडून राक्षस होत नाहीत. तोच शांत आवाज, फक्त आता त्याच्या खाली काय होतं ते आपल्याला कळलेलं असतं. सबंध सिनेमातलं हे सर्वांत कमी बोललं गेलेलं काम, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत नेमकं.

नंदा : वडिलांचा वारसा

नंदाकडे आपण 'सोज्वळ नायिका' म्हणून बघतो आणि पुढे जातो. पण ती मास्टर विनायकांची मुलगी. विनायकांनी अत्र्यांच्या लेखणीवर 'ब्रह्मचारी' (१९३८) आणि 'ब्रँडीची बाटली' (१९३९) केले. मराठी विनोदी बोलपटाचा पायाच तो. आणि इथे बडोद्याचा धागा येतो. विनायकांनी 'नवयुग'साठी केलेले 'लग्न पहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) हे चिं. वि. जोशींचे, म्हणजे बडोदा कॉलेजात पाली शिकवणाऱ्या आणि पुढे संस्थानचं दफ्तर सांभाळणाऱ्या आपल्या चिं. विं.चे. दामूअण्णा मालवणकर चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. चिमणराव पडद्यावर आला तो विनायकांच्या हातून.

विनायक १९४७ मध्ये गेले तेव्हा नंदा आठ वर्षांची होती. वडिलांकडून तालीम घ्यायचा प्रश्नच नव्हता. तरीही 'गुमनाम'मध्ये तिचं आणि हेलनचं दारू चढलेलं गाणं बघा (आवाज आशा भोसले आणि उषा मंगेशकर). 'चांगल्या घरची' मुलगी झिंगलीय, हे दाखवताना ती कुठेही तोल सोडत नाही. शुद्धीवर आहोत असं दाखवायची धडपड करणारी झिंग ती करते, आणि विनोदात हेच अवघड. ज्या वर्षी वडिलांनी ब्रँडीच्या बाटलीवर महाराष्ट्राला हसवलं, त्याच वर्षी जन्मलेल्या मुलीने हे काम करावं, याची गंमत वाटते. चार वर्षांनी 'इत्तेफाक'मध्ये (१९६९) याच सोज्वळ चेहऱ्याचा वापर तिने अगदी उलटा केला. त्याची पूर्वतयारी मला इथे दिसते.

हेलनला या कामासाठी फिल्मफेअरचं सहअभिनेत्रीचं नामांकन मिळालं, ते नाचासाठी नव्हे. किटी मरणाच्या छायेतही मजा करायचं सोडत नाही. बाकीचे घाबरतात तेव्हा ती समुद्रकिनाऱ्यावर गाते. वरवर उथळ, पण सातही जणांत 'आता उरलंय काय?' हा प्रश्न खऱ्या अर्थाने तिलाच पडलाय.

मेहमूद आणि 'च'

बटलरची भाषा हैदराबादी दखनी. आज ती ऐकताना दोन गोष्टी एकदम जाणवतात. पहिली, मेहमूदचा कान. दखनीत जोर द्यायला शब्दाच्या शेवटी जो 'च' किंवा 'इच' लागतो, तो भाषाशास्त्रज्ञांच्या मते मराठीतूनच गेलेला. आपण 'मीच' म्हणतो, दखनीत 'मैंइच'. औरंगाबादेपासून गुलबर्ग्यापर्यंत शेकडो वर्षं दोन भाषा शेजारी नांदल्या, त्याची ही खूण. मेहमूद हा 'च' बरोबर जागी, बरोबर वजनाने टाकतो. म्हणून मराठी माणसाला ती बोली परकी वाटतच नाही.

दुसरी गोष्ट कडू आहे. बटलरच्या काळ्या रंगावरचा विनोद, त्याचं ते हेलनबरोबरचं स्वप्नातलं गाणं. गाण्यात तो रंगाची बाजू घेऊन भांडतो हे खरं, आणि त्या काळी सावळ्या माणसाला नायिकेसमोर ताठ उभं करणारं दुसरं गाणं सहज आठवत नाही. पण मुळात रंग हा हसण्याचा विषय, हे गृहीतच धरलेलं आहे. लुंगी, बारीक मिशी, बोली या सगळ्यातून 'दक्षिणेचा माणूस म्हणजे विनोद' हा साचा पक्का झाला. तीन वर्षांनी 'पडोसन'मध्ये तो आणखी घट्ट झाला. मेहमूदला या भूमिकेसाठी फिल्मफेअरचं नामांकन मिळालं, ते योग्य होतं. साच्याची किंमत कोणी मोजली, हेही आपण लिहायला हवं. दोन्ही वाक्यं एकत्र खरी असू शकतात.

धुमाळ : झेलणारा माणूस

आता आपल्या माणसाकडे येतो. धुमाळ रंगभूमीवरून आले. अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'सारख्या नाटकांवर त्यांचा हात बसला. ते नाटक १९३६ चं. त्या काळच्या मराठी रंगभूमीवर विनोदी नटाला दोन गोष्टी शिकाव्याच लागत : वाक्य पाडायचं कुठे, आणि समोरच्याच्या वाक्याला हशा येईपर्यंत थांबायचं किती. दुसरी गोष्ट जास्त कठीण. तिला ना टाळी मिळते, ना बातमीत जागा.

हिंदीत धुमाळांनी साठच्या दशकात मेहमूद आणि शुभा खोटे यांच्याबरोबर एक त्रिकूटच जमवलं. 'ज़िद्दी' (१९६४), 'लव्ह इन टोकियो' (१९६६) ही त्यातली ठळक नावं. मांडणी ठरलेली. शुभा मुलगी, मेहमूद प्रेमिक, धुमाळ तिचा बाप. मेहमूद फेकणार, धुमाळ झेलणार. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या नावावर बळी लागतो, पण यष्टीमागे कोणी नसेल तर चेंडू सीमेपार जातो. मेहमूदच्या वात्रटपणाला समोर चिडणारा, गोंधळणारा, अब्रू सांभाळायला धडपडणारा मध्यमवर्गीय बाप नसता, तर तो नुसता आरडाओरडा झाला असता. विशेष म्हणजे यातल्या खोटे आणि धुमाळ या दोघांची मुळं मराठी रंगभूमीत. शुभाबाई नंदू खोट्यांची मुलगी. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळातल्या विनोदाला मराठी रंगभूमीने काय पुरवलं, याचं हे हाताशी असलेलं उदाहरण.

'गुमनाम'मध्ये मात्र ही मांडणी मोडलेली आहे. शुभा खोटे नाहीत, मुलगी नाही, बाप नाही. मेहमूद आणि धुमाळ एकाच छपराखाली आहेत, पण नेहमीच्या नात्याशिवाय. प्रेक्षक धुमाळांना बघून हसायच्या तयारीत बसतो. आणि सिनेमा याच माणसाला मरणाच्या यादीत घालतो. याचा अर्थ समजून घ्या. त्या काळच्या सिनेमात एक अलिखित करार होता : विनोदी माणूस मरत नाही. तो शेवटच्या फ्रेममध्ये लग्नाच्या वरातीत नाचायला असतो. धुमाळांच्या धरमदासला त्या हवेलीत आणून सिनेमाने तो करारच फाडला. इथे कोणालाच सूट नाही, हे प्रेक्षकाला कळतं ते धुमाळांमुळे. मदन पुरी मेले तर आपण चुकचुकत नाही. धुमाळ धोक्यात आले की पोटात गोळा येतो.

भूमिका लहान आहे, हे मान्य. पण लहान खिळीवर मोठं दार फिरतं, आणि ती काढून घेतली तर काय होतं हे बघण्यासाठी सिनेमा धरमदासशिवाय मनात चालवून बघावा. उरतात नायक, नायिका, खलनायक आणि एक विदूषक. सगळ्यांची सोय आधीच ठरलेली.

जे जमलं नाही

पुनर्मूल्यांकन म्हणजे आरती नव्हे. मनोज कुमारचा आनंद पहिल्यापासून एवढा निर्धास्त आहे की त्याच्यावर क्षणभरही संशय येत नाही. तो वेषांतर केलेला पोलीस निघतो तेव्हा धक्का बसायला हवा, पण बसत नाही. नायकावर संशय येऊ द्यायची हिंमत सिनेमाने दाखवली असती तर कोडं दुप्पट घट्ट झालं असतं. प्रेमगीतं रहस्याचा वेग मोडतात. विनोदाला जे काम दिलं ते त्या गाण्यांना दिलेलं नाही. आणि शेवटचा खुलासा तोंडी, लांबलचक. जे दाखवायचं ते सांगून टाकलं.

दिग्दर्शक राजा नवाथे हे राज कपूरच्या तालमीतले. पहिला सिनेमा 'आह' (१९५३) त्यांनी आर. के. साठीच केला. 'बसंत बहार' (१९५६) त्यांचाच. म्हणजे मुळात भावनेचा आणि गाण्याचा माणूस. त्यांच्याकडून गणितासारखा कोरडा रहस्यपट होणं अवघडच होतं. आपल्याकडे त्याच सुमारास राजा परांजपे 'पाठलाग' (१९६४) करत होते, तो बांधणीत जास्त नेटका. दोन राजे, दोन रीती. एकाने कोडं सांभाळलं, दुसऱ्याने मैफल.

गंमत अशी की जगभरात 'गुमनाम' टिकला तो सुरुवातीच्या क्लबमधल्या नाचामुळे. रफींचा आवाज, मुखवटा घातलेली लक्ष्मी छाया, मागे टेड लायन्सचा वाद्यवृंद. २००१ मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' हा अमेरिकन सिनेमा याच गाण्याने सुरू झाला. २०११ मध्ये ते एका बिअरच्या जाहिरातीत वाजलं. कोट्यवधी लोकांनी ती पाच मिनिटं पाहिली, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे धरमदास नावाचा कोणी विमानात बसतो याचा पत्ता नाही.

आपण काय करायचं

धुमाळ १९८७ मध्ये गेले. त्यांच्यासारख्या नटांचा इतिहास पुरस्कारांत नसतो, मुलाखतींत नसतो. तो असतो नाटकाच्या हस्तपत्रकांत, कंपनीच्या हिशेबवहीत, घरातल्या जुन्या ट्रंकेत, आणि ऐंशी-नव्वदीतल्या माणसांच्या बोलण्यात. यातलं शेवटचं साधन सगळ्यात आधी संपतं. रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागातल्या मराठी घरांतून १९२०–४० मधल्या नाटकांचे कागद अजून निघू शकतात. ज्यांच्या घरी असतील त्यांनी रद्दीत देण्याआधी मोबाइलवर एक फोटो तरी काढून मंडळाकडे पाठवावा. कागदावर तारीख आणि नाट्यगृहाचं नाव असेल तर दोन्ही बाजूंचा.

मी ज्या कलाभवनात अभियांत्रिकी शिकलो, तिथेच फाळक्यांनी छायाचित्रणाचे धडे घेतले, हे मला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. नंतर पुस्तकात वाचलं. धुमाळांच्या बाबतीत तरी पुढच्या मुलांना ते आधी कळावं. आणि तोवर 'गुमनाम' पुन्हा लावाल तेव्हा मेहमूद बोलत असताना नजर त्याच्यावरून काढा, आणि शेजारी उभ्या असलेल्या, ऐकणाऱ्या त्या बडोदेकराकडे बघा.